कुलूप देवडीवर, कॅश ओसरीवर: वार्निशच्या पुढे एचटीटीपीएस लावताना

तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ मी आधी घेतो, कारण आग तिथे लागली आहे. तुम्ही लिहिलंय की सांगलीहून बेदाणे आणि हळद विकणारं दुकान आहे, वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगइन, चार जीबी मेमरीचा एकच सर्व्हर. पूर्वी ८० पोर्टवर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांकाचं दार; ८० साध्या एचटीटीपीचं, ४४३ एचटीटीपीएसचं) वार्निश, म्हणजे तयार पानं साठवून (कॅश करून) पटकन देणारा प्रोग्रॅम, मागे ८०८० वर अपाची हा वेब सर्व्हर, आणि ४४३ वर सर्टिफिकेटसह अपाचीच. एचटीटीपीएस चालत होतं, पण वार्निशचा काही उपयोग होताना दिसत नव्हता. म्हणून कोणाच्या तरी सल्ल्याने ४४३ वर एन्जिनएक्स (हाही वेब सर्व्हरच) बसवलं आणि त्याच्या मागे वार्निश. तेव्हापासून चेकआउटचं पान ‘खूप वेळा रीडायरेक्ट झालं’ म्हणून अडकतं. आणि मग जाता जाता: ‘काल एका ग्राहकाला कार्टमध्ये न टाकलेली वस्तू दिसली, पण ते कदाचित वेगळं असेल.’

ते वेगळं नाही. आज रात्री पहिलं काम एकच करा. एन्जिनएक्सला वार्निशऐवजी थेट ८०८० वर जोडा. दुकान थोडं हळू चालेल, चालू दे. ग्राहक लूपमध्ये अडकला तर तो वैतागून निघून जातो. एकाची पिशवी दुसऱ्याच्या हातात गेली तर त्याच्यासोबत नाव, पत्ता, फोन नंबरही जाऊ शकतो. कार्डाचे आकडे पेमेंट गेटवेच्या पानावर घेतले जातात म्हणून आपल्याकडे चोरण्यासारखं काही नाही, असं बरेच दुकानदार मानतात. पत्ता आणि फोन नंबरही कोणाच्या तरी विश्वासानेच आपल्याकडे आलेला असतो.

आता हे झालं कसं ते पाहू. तुमच्या जुन्या मांडणीत एचटीटीपीएसने येणारा प्रत्येक ग्राहक ४४३ वरून थेट अपाचीकडे जात होता. वार्निश ८० वर बसून फक्त ‘इथून नको, तिकडून या’ एवढंच सांगत होतं. म्हणजे तुमची व्हीसीएल, वार्निशच्या नियमांची फाइल, इतके दिवस कधी तपासलीच गेली नव्हती. कुठून तरी उचललेली ती फाइल निवांत पडून होती. एन्जिनएक्स पुढे आलं आणि पहिल्यांदाच खरे ग्राहक वार्निशमधून जाऊ लागले. नवीन काही बिघडलं नाही, जुना बिघाड आत्ता कामाला लागला.

माझ्या डोक्यात हे चित्र वाड्यासारखं असतं. देवडीवर एन्जिनएक्स, ओसरीवर वार्निश, माजघरात वर्डप्रेस. कुलूप देवडीवर उघडतं. उघडलं की आत येणारा माणूस कुलपाच्या दारातून आला की परसदारातून, हे माजघरातल्याला कळत नाही. देवडीवाल्याने त्याच्या हातात चिठ्ठी द्यावी लागते. तुमच्याकडची निम्मी भानगड या चिठ्ठीची आहे.

ओसरीवरच कुलूप का लावत नाही, असा प्रश्न पडेल. उबंटू किंवा डेबियनच्या भांडारातून आपण जे वार्निश बसवत आलो, ते ग्राहकाच्या बाजूचं एन्क्रिप्शन करतच नाही. हे राहून गेलेलं नाही, ठरवून ठेवलेलं आहे. वार्निशचे मुख्य लेखक पॉल-हेनिंग काम्प यांनी २०११ मध्येच कारणं लिहून ठेवली: एन्क्रिप्शनचं कोड नीट करणं अवघड आहे, आणि सर्टिफिकेटची खाजगी किल्ली वेगळ्या प्रोसेसमध्ये असलेली बरी. २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड उघड झालं, ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी वापरणाऱ्या सर्व्हरच्या मेमरीतले तुकडे बाहेरून वाचता येऊ लागले, तेव्हा हा हट्ट मला एकदम पटला. पुढे एन्जिनएक्स ठेवा, एचएप्रॉक्सी ठेवा, नाहीतर वार्निशवाल्यांचंच छोटं हिच ठेवा. तिन्ही चालतात. तुम्हाला एन्जिनएक्स येतं, तर तेच राहू द्या.

इथे एक ‘अवलंबून आहे’ मात्र सांगायलाच हवं. तुमच्यापुढे क्लाउडफ्लेअर, ही साइटसमोर उभी राहणारी मध्यस्थ सेवा, आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. असेल आणि तिथली सेटिंग ‘फ्लेक्सिबल’ असेल, तर क्लाउडफ्लेअर तुमच्या सर्व्हरकडे साध्या एचटीटीपीनेच येतं, तुमचा सर्व्हर त्याला एचटीटीपीएसकडे पाठवतो, आणि लूप तिथेच तयार होतो. ती सेटिंग ‘फुल, स्ट्रिक्ट’ करा. नसेल तर पुढे वाचा.

आता चिठ्ठी. ती म्हणजे विनंतीसोबत जाणारी माहितीची एक ओळ, हेडर; तिचं नाव एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो. एन्जिनएक्सच्या ४४३ च्या भागात हा हेडर लावा आणि किंमत ‘एचटीटीपीएस’ द्या, सोबत होस्ट (साइटचं नाव) हेडरही मूळचाच पुढे जाऊ द्या. पण वर्डप्रेस आपणहून ही चिठ्ठी वाचत नाही. त्याचं is_ssl हे फंक्शन, म्हणजे ‘इझ-एसएसएल’, पीएचपीच्या सर्व्हर चलांमधलं ‘एचटीटीपीएस’ आणि पोर्ट ४४३ एवढंच बघतं. तुमच्या मांडणीत पोर्ट ८०८० आहे. म्हणून त्याला वाटतं, ग्राहक उघड्या दाराने आला. चेकआउटला एचटीटीपीएस हवं, म्हणून तो रीडायरेक्ट करतो. ग्राहक पुन्हा देवडीवरून येतो, माजघराला पुन्हा तेच वाटतं, आणि चक्र सुरू. उपाय वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये: ती चिठ्ठी ‘एचटीटीपीएस’ म्हणत असेल तर सर्व्हर चलातलं ‘एचटीटीपीएस’ हे ‘ऑन’ करा. ही ओळ फाइलच्या वरच्या भागात, सेटिंग्जची फाइल जोडली जाते त्याच्या आधी हवी. शेवटी चिकटवली तर उपयोग होत नाही, आणि ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता फाइल उघडली की आधी तिथेच नजर जाते.

एवढं करूनही लूप कधी जातो, कधी परत येतो. तुमच्याकडे ‘कधी उघडतं, कधी नाही’ असं होतंय ना? ते ओसरीचं काम. वार्निश एखादं पान साठवताना त्याची ओळख फक्त यूआरएल आणि होस्ट या दोन गोष्टींवरून ठेवतं. प्रोटोकॉल त्यात नसतो. कोणीतरी एचटीटीपीने आलं, त्याला ‘एचटीटीपीएसकडे जा’ असं ३०१ (कायमचा रीडायरेक्ट) उत्तर मिळालं, आणि वार्निशने ते जपून ठेवलं. आता एचटीटीपीएसने आलेल्या माणसालाही तेच उत्तर मिळतं: एचटीटीपीएसकडे जा. तो बिचारा तिथेच उभा असतो. म्हणून व्हीसीएलच्या हॅश भागात, जिथे ही ओळख ठरते तिथे, ही चिठ्ठीही ओळखीत मिसळा, म्हणजे दोन्ही दारांच्या नोंदी वेगळ्या राहतील. मजेंटो या दुसऱ्या दुकान-सॉफ्टवेअरच्या तयार व्हीसीएलमध्ये ही सोय असते. वर्डप्रेसवाल्यांनी ती स्वतः लिहावी लागते.

त्याहून चांगलं म्हणजे एचटीटीपीवाला माणूस ओसरीपर्यंत येऊच देऊ नका. एन्जिनएक्सलाच ८० वरही बसवा आणि तिथूनच रीडायरेक्ट करा. रीडायरेक्ट एकाच जागी हवा. तुमच्या लिहिण्यावरून तो सध्या तीन ठिकाणी दिसतो: व्हीसीएलमध्ये, अपाचीच्या एचटीअॅक्सेस फाइलमध्ये, आणि ‘सगळं एचटीटीपीएस करा’ म्हणणाऱ्या प्लगइनमध्ये. तीन कारकून एकाच अर्जावर शेरे मारतायत. दोघांना घरी पाठवा. आणि चाचणी चालू असेपर्यंत ३०१ ऐवजी ३०२ (तात्पुरता) वापरा, कारण ३०१ ब्राउझर स्वतःकडेही लक्षात ठेवतो. मग तुम्ही सर्व्हर दुरुस्त करता आणि तुमच्या लॅपटॉपवर तरी लूप दिसतच राहतो. यात मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे.

चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा तर ती फक्त देवडीवरूनच यावी. बाहेरचा कोणीही स्वतःच्या विनंतीत हा हेडर लिहून पाठवू शकतो. म्हणून एन्जिनएक्सने आलेला हेडर तसाच पुढे न ढकलता तो पुसून स्वतःचा लिहावा. आणि वार्निश आणि अपाची दोघंही १२७.०.०.१ (सर्व्हरचा स्वतःचाच आतला पत्ता, लोकलहोस्ट) वरच ऐकतील असं करा. तुमचा ८०८० आज बाहेरून उघडा असण्याची दाट शक्यता आहे. घरच्या इंटरनेटवरून दुकानाच्या पत्त्यापुढे तो आकडा लावून बघा. जाता जाता: नव्या डेबियन-उबंटूवर वार्निशचं पोर्ट सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमधून ठरतं. जुन्या लेखांत सांगितलेली ‘डिफॉल्ट’ फोल्डरमधली फाइल बदलून काही होत नाही, आणि लोक तासन्‌तास तीच बदलत बसतात.

आता कार्टचा घोटाळा. वार्निशचे अंगभूत नियम मुळात भित्रे आहेत, आणि ते चांगलंच आहे. विनंतीसोबत कुकी, म्हणजे ब्राउझरने जपलेली ओळखखूण, आली तर ते कॅशकडे बघत नाही, सरळ मागे पाठवतं. मागून आलेल्या उत्तरात सेट-कुकी (नवी कुकी देणारा हेडर) असेल तर ते साठवत नाही. अडचण अशी की गुगल अॅनालिटिक्सची कुकी जवळजवळ प्रत्येकाकडे असते, त्यामुळे कॅशचा फायदा शून्य. मग लोक वैतागून कोणाची तरी ‘वेगवान’ व्हीसीएल उचलतात. तिच्यात साधारण दोन गोष्टी असतात: कुकी असली तरी कॅशमध्ये बघ, आणि मागचं उत्तर काहीही म्हणो, दहा मिनिटं ठेव. मुख्य मेख पुढे आहे. व्हीसीएलमध्ये तुम्ही तुमचा स्वतःचा ‘रिटर्न’ लिहिला की त्या टप्प्यावरचे अंगभूत नियम चालतच नाहीत. पहारेकऱ्याला तुम्ही स्वतःच सुट्टी दिलेली असते.

हे मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी साड्यांच्या एका दुकानाचं काम माझ्याकडे होतं. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी फोन आला, एका बाईंच्या कार्टमध्ये एकोणीस साड्या आहेत आणि आकडा वाढतोय. आधी वाटलं, कोणीतरी खोड्या करतंय. वार्निशलॉग उघडला तेव्हा दिसलं की एका उत्पादनाचं पान सेट-कुकीसकट साठवलं गेलं होतं. ज्याने ते पान उघडलं त्याला पहिल्या ग्राहकाच्या सेशनची किल्ली मिळत होती. सगळे मिळून एकच पिशवी भरत होते. ती व्हीसीएल दुसऱ्या कोणाची नव्हती, माझीच होती. मी ‘दहा मिनिटं ठेव’ लिहून खाली रिटर्न केलं होतं आणि सेट-कुकीची तपासणी वगळली गेली होती. त्या रात्री कॅश बंद करून दुकान चालवलं, आणि गंमत अशी की सर्व्हरने ते ओझं निभावून नेलं.

म्हणून वूकॉमर्ससाठी मी आता उलट्या बाजूने लिहितो. कार्ट, चेकआउट, माझं खातं ही पानं, ‘डब्ल्यूसी-एजॅक्स’ आणि ‘डब्ल्यूसी-एपीआय’ असलेले पत्ते आणि वर्डप्रेसचा अॅडमिन भाग कधीच कॅशमध्ये नको. विनंतीत वर्डप्रेसच्या लॉगइनची कुकी, वूकॉमर्सच्या सेशनची कुकी किंवा ‘कार्टमध्ये वस्तू आहेत’ सांगणारी कुकी दिसली की तो ग्राहक सरळ माजघरात. बाकी उरलेल्या कुकी, म्हणजे अॅनालिटिक्स वगैरे, काढून टाका आणि मग कॅशमध्ये बघा. मागच्या बाजूला सेट-कुकी असलेलं काहीही साठवू नका, आणि शेवटी स्वतःचा रिटर्न लिहू नका, अंगभूत नियम चालू द्या. यात कॅशचा फायदा थोडा घटतो. फक्त पानं चाळणारे बहुसंख्य लोक तरीही कॅशमधूनच जातात, आणि ओझं त्यांचंच असतं.

इथपर्यंत सांगितलेलं आठवणीसाठी: एन्जिनएक्सने चिठ्ठी लिहायची, वार्निशने ती ओळखीत मिसळायची, वर्डप्रेसने ती वाचायची, आणि कुकीवाल्याला वार्निशने हात लावायचा नाही.

आता एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तुमच्याकडे ती नक्की असणार. तुम्ही लिहिलंय की किंमत बदलली की प्लगइन वार्निशला पर्ज (साठवलेलं पान पुसण्याची विनंती) पाठवतं, आणि परवानगी फक्त लोकलहोस्टला आहे. पूर्वी हे ठीक होतं. आता प्रत्येक ग्राहक एन्जिनएक्समधून येतो, म्हणजे वार्निशच्या दृष्टीने प्रत्येक जण १२७.०.०.१ आहे. तुमची ‘फक्त लोकलहोस्ट’ ही अट आता अख्ख्या जगाला लागू झाली. कोणीही तुमची कॅश रिकामी करू शकतो. एन्जिनएक्समध्ये पर्ज ही पद्धतच नाकारा आणि प्लगइनला वार्निशच्या पोर्टवर थेट बोलू द्या. दुसरा मार्ग प्रॉक्सी प्रोटोकॉलचा आहे, त्यात खरा पत्ता वार्निशपर्यंत पोचतो. हिच आणि एचएप्रॉक्सीसोबत तो सहज जमतो. आणि हो, हॅशमध्ये चिठ्ठी मिसळल्यावर पर्जच्या विनंतीतही तीच चिठ्ठी हवी. नाहीतर एचटीटीपीची नोंद पुसली जाते, एचटीटीपीएसची तशीच राहते, आणि हळदीचा जुना भाव दिसत राहतो.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात, कारण अडचण तिथे कमी आहे. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते आपोआप नवं करतो, पण एन्जिनएक्स जुनंच मेमरीत धरून बसतं. नूतनीकरणानंतर एन्जिनएक्स रीलोड होईल असा डिप्लॉय-हुक लावा. मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे आठवण करून देणारं कोणी नाही, स्वतःची तपासणी लावा. इतरांच्या सर्टिफिकेटच्या मुदतीही आखडत चालल्या आहेत. सीए/ब्राउझर फोरम या सर्टिफिकेट देणाऱ्यांच्या आणि ब्राउझरवाल्यांच्या मंचाच्या एप्रिल २०२५ च्या ठरावाप्रमाणे कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवस. हाताने बदलण्याचे दिवस गेले. फाइल निवडताना ‘फुलचेन’ नावाची घ्या, नुसती ‘सर्ट’ नको. नुसती घेतली तर तुमच्या लॅपटॉपवर सगळं हिरवं दिसतं आणि पेमेंट गेटवेचा सर्व्हर मात्र जोडणी नाकारतो, कारण मधली साखळी ब्राउझर कुठून तरी भरून काढतो, सर्व्हर काढत नाही. ८० वरचा रीडायरेक्ट लिहिताना सर्टबॉटच्या तपासणीचा रस्ता तेवढा मोकळा सोडा. टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन, त्याच्या १.२ आणि १.३ एवढ्याच आवृत्त्या चालू ठेवा. १.० आणि १.१ या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाल्या.

गेटवेचा विषय निघालाच आहे तर त्याच्या डॅशबोर्डमध्ये जा आणि तिथे भरलेला परतीचा पत्ता आणि वेबहुकचा (गेटवे पैसे मिळाल्याची खबर परस्पर पाठवतो तो) पत्ता बघा. जुना एचटीटीपीचा असेल तर आजच बदला. ग्राहक पैसे भरून पोस्ट (माहिती सोबत आणणाऱ्या) विनंतीने परत येतो. एचटीटीपीवर आला तर आपण ३०१ देतो, आणि ३०१ नंतर ब्राउझर पोस्टचं गेट (नुसतं पान मागणं) करून टाकतो. सोबतची माहिती वाटेत सांडते. वेबहुक पाठवणारे सर्व्हर तर रीडायरेक्टमागे बहुधा जातच नाहीत. ‘पैसे कटले पण ऑर्डर पेंडिंग’ या तक्रारीचं मूळ मला दोनदा इथे सापडलंय, दोन्ही वेळा दुकानदार आठवडाभर गेटवेवाल्यांशी भांडत होता.

एचएसटीएस, म्हणजे ‘या साइटवर फक्त एचटीटीपीएसनेच ये’ हा ब्राउझरला दिलेला हुकूम, शेवटी लावा, आणि सुरुवातीला फक्त ३०० सेकंदांचा. आठवडाभर सगळं नीट चाललं की मग ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे वर्षभर. सबडोमेनही त्यात घ्यायचे असतील तर एखाद्या सबडोमेनवर जुनं बिलिंग सॉफ्टवेअर विनाकुलूप चालत नाही ना, हे आधी बघा.

तपासणीचा माझा क्रम असा असतो. प्रायव्हेट खिडकी, दोन वेगळे ब्राउझर. एकात हळद कार्टमध्ये टाका, दुसऱ्यात तेच उत्पादन उघडा, कार्ट रिकामं दिसलं पाहिजे. मग पहिल्यात लॉगइन करा आणि दुसऱ्यात मुखपृष्ठ बघा. मग कर्ल या कमांडने मुखपृष्ठाचे हेडर दोनदा मागवा. दुसऱ्यांदा एक्स-वार्निश या हेडरमध्ये दोन आकडे दिसले तर पान कॅशमधून आलं, एकच दिसला तर नाही. तेच चेकआउटसाठी करा. तिथे कितीही वेळा मागवलं तरी एकच आकडा हवा.

आणि आता तुमचा शेवटचा प्रश्न, सर्व्हर मोठा घ्यावा का. दिवसाला किती ऑर्डरी, किती लोक पानं बघतात, हे तुम्ही दिलं नाही, त्यामुळे ठाम सांगता येत नाही. पण आज रात्री वार्निश बाजूला काढाल तेव्हा ते तसंच दोन दिवस राहू द्या आणि मेमरी आणि पानं उघडायला लागणारा वेळ लिहून ठेवा. पीएचपीचा ऑपकॅश (तयार झालेलं कोड मेमरीत ठेवणारी सोय) चालू असेल आणि दुकान तसंही बऱ्यापैकी चालत असेल, तर वार्निश परत जोडूच नका. दिवाळीच्या आधी पुन्हा बघू. ते दोन दिवसांचे आकडे आणि तुमची व्हीसीएल इथे टाका, पासवर्ड आणि पत्ते काढून.